आधी उतारशाळावाल्याला विचारा

वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश: या भगिनी शिक्षिका आहेत आणि आपल्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, तरुण संघ गेली सहा वर्षं सांभाळतात. चार महिन्यांपूर्वी चक्रीवादळ आणि पुरानं उद्ध्वस्त झालेल्या एका दूरच्या भागात सतरा जणांची नऊ दिवसांची मिशन ट्रिप न्यायचं मंडळीत घाटतं आहे. दिवसा घरं दुरुस्त करायची, मुलांचे खेळ घ्यायचे, संध्याकाळी शिधा आणि ब्लँकेटं वाटून तिथंच प्रार्थनासभा घ्यायची, असा बेत आहे. प्रवासखर्च मोठा आहे. मदतकार्यात नोकरी करणारी त्यांची धाकटी बहीण म्हणाली, "तुम्ही लोकांच्या दुःखावर सहल काढताय. तेवढे पैसे पाठवून द्या." मंडळीचे पाळक (धर्मगुरू) म्हणतात, "पैसे कुणीही पाठवेल, प्रभूनं आपल्याला जायला सांगितलं आहे." भगिनींना दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. त्या विचारतात: जाणं चूक आहे का? माझ्या मनातली ओढ खरी आहे, की मला फक्त स्वतःला बरं वाटून घ्यायचं आहे? आणि जायचंच ठरलं तर संध्याकाळच्या सभेबद्दल पाळकांशी कसं बोलू?

प्रिय भगिनी,

तुमच्या तीन प्रश्नांतला मधला आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवली आहे असं पत्र वाचताना जाणवलं. ओढ खरी की बरं वाटावं म्हणून? दोन्ही असेल. ज्या बाईच्या घराच्या भिंतींत अजून ओल आहे, तिला तुमचा हेतू किती निर्मळ आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. तुम्ही उपयोगी पडलात की अडचण झालात, एवढंच तिला कळणार आहे. म्हणून मनाची झाडाझडती थोडे दिवस थांबवा आणि तोच वेळ तिच्याकडे बघण्यात घालवा.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात तिकिटं आहेत, टी-शर्टांचा रंग आहे, खेळांची यादी आहे, बहिणीशी झालेली बोलाचाली आहे. जिथं जायचं तिथल्या एकाही माणसाचा उल्लेख मात्र नाही. तुम्हाला बोलावलं कुणी, हेच मला पत्रात सापडलं नाही. बहीण म्हणते पैसे पाठवा, पाळक म्हणतात जाऊ या. दोन टोकांचा वाद वाटतो खरा, पण दोघंही तिथल्या लोकांचं काय ते इथं बसून ठरवतायत. मला खटकलं ते हे.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी, लुटारूंनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणारा प्रवासी, तुम्ही मुलांना कितीदा शिकवला असेल. संडे स्कूलच्या भिंतीवर चित्र नेहमी एकच असतं: रस्त्यात पडलेला माणूस, त्याच्यावर वाकलेला शोमरोनी, बाजूला जनावर. गोष्ट तिथं संपत नाही. शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, माणसाला उतारशाळेत, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागी, नेतो, एक रात्र त्याच्याजवळ राहतो. दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून उतारशाळावाल्याच्या हातावर ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन असं सांगतो आणि आपल्या वाटेला लागतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. त्यानं अगदी साधा हिशेब केला: मी प्रवासी आहे, हा माणूस बरा व्हायला दिवस लागतील, आणि ते दिवस इथं राहणार आहे हा उतारशाळावाला. जखमा धुणं, रात्री उठून पाणी देणं, कण्हणं ऐकणं हे पुढचं सगळं ज्यानं केलं त्याच्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही.

बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातही हेच आहे. यहुदीयात दुष्काळ पडणार असं कळल्यावर अंत्युखिया शहरातल्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत गोळा केली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती तिथल्या मंडळीच्या ज्येष्ठांकडे पाठवली. माणसं गेली, पैसेही गेले, आणि ते सोपवले तिथल्याच लोकांकडे. तुमच्या घरातल्या वादाला मला हेच उत्तर दिसतं. उतारशाळावाला कोण आहे हे आधी शोधायचं. ती तिथली एखादी लहानशी मंडळी असेल, शाळा असेल, बायकांचा बचत गट असेल, नाहीतर गेले चार महिने रोज चिखलात उभी राहिलेली एखादी संस्था असेल. जायचं की पाठवायचं, किती जणांनी जायचं आणि कधी, हे त्यांना विचारायचं.

पैशाबद्दल तुमची बहीण म्हणते ते हलक्यात घेऊ नका. 1998 च्या ऑक्टोबरअखेरीस मिच चक्रीवादळानं होंडुरासमध्ये हाहाकार माजवला. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या मंडळ्यांचे गट घरं बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञानं पुढे त्याचा अभ्यास केला आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासखर्च धरून पाहुण्या गटांच्या एका घरामागे सुमारे 30,000 डॉलर खर्च झाले होते. तिथल्या संस्था तसंच घर सुमारे 2,000 डॉलरमध्ये बांधत होत्या. आणि घरात राहायला गेलेल्या कुटुंबांच्या आयुष्यात, घर पाहुण्यांनी बांधलं की गावच्या लोकांनी, यानं काही फरक पडलेला दिसला नाही. पाहुण्यांच्या स्वतःच्या दान देण्यातही, परतल्यावर वाटलं होतं तेवढा टिकाऊ बदल आढळला नाही. हा एक अभ्यास आहे, एका देशातला आहे. तरी तो तरुण संघाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावा असा आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

पण "पैसे पाठवा, घरी बसा" हेही मला पूर्ण पटत नाही. काही वेळा हातच लागतात. ऑगस्ट 2005 मध्ये कतरिना वादळात बंधारे फुटून अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर हजारो घरं आतून उकरून रिकामी करायची होती: भिजलेलं फर्निचर, फुगलेल्या भिंती, चिखल. ओल राहिली तर एकदोन दिवसांत बुरशी धरायला लागते. एवढी मजुरी परवडणारे लोक तिथं नव्हते. देशभरातून मंडळ्यांचे गट आले आणि त्यांनी ती घरं मोकळी केली. ते काम पैशांनी झालं नसतं असं नाही, पण तेवढ्या लवकर झालं नसतं. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्या 1967 च्या ब्यूला वादळापासून आपत्तीत स्वयंपाक करतात. आज त्यांची फिरती स्वयंपाकघरं आहेत, आणि बरेचदा अन्न शिजवतात ते आणि वाटप करतं रेड क्रॉस. कान्ससमध्ये 1950 साली सुरू झालेली, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस तर बातम्या थांबल्यावर कामाला लागते. पहिल्या गर्दीतले लोक निघून गेले की यांचे सुतार, गवंडी येतात आणि तिथल्या समितीनं काढलेल्या यादीतली घरं एकेक करून पुरी करतात. सदर्न बॅप्टिस्ट, रेड क्रॉस आणि मेनोनाइट या तिघांनाही आपलं काम नेमकं ठाऊक आहे, आणि त्याचा सराव त्यांनी वादळ येण्याआधीच केलेला असतो.

तुमच्याबाबतीत चार महिने उलटून गेले आहेत. म्हणजे चिखल उपसायची वेळ सरली. आता तिथं असणार ती कागदांची कामं, नुकसानभरपाईचे अर्ज, न वाळलेल्या भिंती, रंगाआधी करायची डागडुजी, शाळा चुकलेली मुलं आणि दमलेली माणसं. सतरा कॉलेजवयीन मुलांपैकी गिलावा किती जणांना येतो? तिथला गवंडी काम शोधत हिंडत असेल आणि त्याच्याच गल्लीत तुमची मुलं फुकट विटा रचत असतील, तर त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजणार? कदाचित उत्तर असं येईल की दोन जण या, एक हिशेब जाणणारा आणि एक नर्स. उरलेल्या पंधरा तिकिटांचे पैसे आमच्या गवंड्यांच्या मजुरीला द्या. तसं आलं तर ते मान्य करायची तयारी मंडळीत आहे का, याचा अंदाज आत्ताच घ्या.

आता माझ्याकडचं एक सांगते. अनेक वर्षांपूर्वी एका पुरानंतर मी अशाच एका गटात होते. आम्हाला एक घर नेमून दिलं होतं. घरमालकीण मदतीच्या रांगेत गेली होती, आणि ती येईपर्यंत काम उरकून तिला सुखद धक्का द्यायचा असं आम्ही ठरवलं. दुपारपर्यंत खोल्या लख्ख केल्या, सगळा भिजका राडा रस्त्यावर काढला, कचऱ्याचा ट्रक आला तसा त्यात भरून दिला. बाई आली. दारातच उभी राहिली, आत आलीच नाही. म्हणाली, "निळा डबा कुठाय?" पत्र्याचा डबा होता, गंजलेला, चिखलानं भरलेला, माझ्याच हातून गेलेला. त्यात घराचे कागद होते, आणि वारलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो. ट्रक जिथं रिकामा झाला होता तिथं आम्ही अंधार पडेपर्यंत उकरत होतो. झाकण मिळालं. ते तिनं पदरानं पुसलं आणि मलाच धीर दिला, "असू दे, तुम्ही चांगल्या मनानं केलंत." ते वाक्य मला अजून सोसत नाही. घरमालक हजर नसताना त्याच्या घरातली काडीही हलवायची नाही, हा नियम तेव्हा आम्हाला कुणी सांगितला नव्हता. आता मी तो प्रत्येक गटाला सांगते. आधी तिच्याबरोबर अर्धा तास बसायचं. काय शोधायचं आहे ते विचारायचं. टाकायची वस्तू तिला दाखवून मगच टाकायची. काम निम्मंच झालं तरी चालेल.

संध्याकाळच्या सभेकडे येते. इथं मी मधलं काही सुचवणार नाही: शिधावाटप आणि प्रार्थनासभा एका जागी, एका वेळी नको. पाळकांचा हेतू वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण रांगेतल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. घरात लेकरं आहेत, ब्लँकेट समोर ठेवलेलं आहे, आणि मधे एक गीत, एक संदेश आणि "डोळे मिटा" आहे. तो डोळे मिटेल. त्याचं मिटणं प्रार्थना आहे की भीड, हे त्याचं त्यालाही कळणार नाही. ख्रिस्ताची सुवार्ता ही फुकट दिलेली कृपा आहे असं आपण सांगतो, आणि तिथं तिला ब्लँकेटची किंमत लागते.

ही केवळ बाहेरच्यांची टीका आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना 1994 ची आचारसंहिता दाखवा. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी आठ मोठ्या संघटनांनी ती मिळून ठरवली. तिचं तिसरं कलम सांगतं की मदतीचा वापर कोणतीही राजकीय किंवा धार्मिक भूमिका पुढे नेण्यासाठी करायचा नाही. त्या आठांत कारितास इंटरनॅशनालिस, कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होत्या. म्हणजे निम्म्या संघटना ख्रिस्तीच. आपल्याच वडीलधाऱ्यांनी विचार करून घातलेला हा दंडक आहे.

आणखी एक गोष्ट पाळकांना नक्की सांगा, कारण ती पाळकाच्या काळजाला भिडेल. तुम्ही नऊ दिवसांनी परत याल. तिथली छोटी मंडळी तिथंच राहील. शिधा देऊन बाटवतात अशी कुजबुज सुरू झाली तर ती तुमच्या कानावरही येणार नाही. तिच्या झळा तिथल्या पाळकाला, त्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना, शेजारी राहणाऱ्या चार ख्रिस्ती कुटुंबांना बसतील. कदाचित पुढची कित्येक वर्षं.

मग विश्वास घरी ठेवून जायचं का? नाही. सकाळी कामाआधी आपापसांत प्रार्थना करा. रविवारी तिथल्या मंडळीच्या उपासनेला पाहुणे म्हणून जा, मागच्या बाकावर बसा. कुणी विचारलं, तुम्ही इतक्या लांबून का आलात, तर खरं कारण सांगा. कुणी "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर तिथंच, त्याच्याजवळ बसून करा. पण विचारणं त्याच्याकडून यायला हवं, आणि त्याआधी त्याच्या वाट्याची मदत त्याच्या घरी पोचलेली हवी.

मुलांच्या खेळांविषयी थोडक्यात. नऊ दिवस माया लावून निघून जाणारी दादा-ताई मंडळी, जिनं नुकतंच घर गमावलंय त्या मुलीला पुन्हा एकदा काहीतरी गमवायला लावतात. खेळ घ्यायचेच तर तिथल्या शिक्षिका पुढे आणि तुमची मुलं मदतीला. एकट्या मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नको. फोटो नकोत. आणि मुलं कुठंही न्यायची नाहीत, कितीही कळवळा आला तरी. 12 जानेवारी 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर महिना व्हायच्या आत अमेरिकेतल्या मंडळ्यांमधले दहा जण 33 मुलांना कागदपत्रांशिवाय सीमेपार नेताना पकडले गेले. ती अनाथ आहेत असं सांगितलं गेलं होतं. त्यातल्या अनेकांचे आईबाप जिवंत होते. या गटालाही वाटत होतं की आपल्याला प्रभूनंच पाठवलं आहे.

ऐकून घेण्याचं मात्र शिकून जा. जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन आणि वर्ल्ड व्हिजन यांनी 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली आहे. तिचं सूत्र साधं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. काय झालं ते सांगाच असा आग्रह धरायचा नाही. सांगावंसं वाटलं तर ऐकायचं, आणि गरजेची मदत जिथं मिळते तिथं माणसाला पोचवायचं. बायबलमधल्या, सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी पाहिलं. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. आठव्या दिवसानंतर त्यांनी हे संकट का आलं ते समजावायला सुरुवात केली आणि सगळं बिघडलं. तुमच्या मुलांपैकी कुणीही, चुकूनही, "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य तिथं उच्चारू नये, एवढं माझं ऐका.

जाणं ठरलंच तर काही बारीकसारीक गोष्टी, आणि या अशाच विचारात असलेल्या इतर मंडळ्यांनाही लागू आहेत. राहण्या-जेवण्याचा भार तिथल्या लोकांवर टाकू नका. चार महिने एकाच खोलीत राहणारं कुटुंब पाहुण्यांसाठी ती खोलीही रिकामी करून देतं, आणि त्यांच्या या भल्या स्वभावाचा फायदा घेतला जातो. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. बुरशीच्या खोलीत नीट बसणारा मास्क आणि हातमोज्यांशिवाय कुणाला शिरू देऊ नका, दमा असलेल्याला तर नाहीच. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. भिंत आतून सुकल्याची खात्री झाल्याशिवाय गिलावा किंवा रंग लावायचा नाही. वरून छान दिसणारी ओली भिंत पुढच्या पावसाळ्यात त्या घरालाच छळते. जुने कपडे गोळा करून नेऊ नका. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. साहित्य लागलं तर तिथल्याच दुकानातून घ्या, त्या दुकानदाराचंही नुकसान झालेलं आहे. हत्यारं परत आणू नका. आणि "पुन्हा येऊ" असं कुणालाही म्हणू नका, तारीख ठरल्याशिवाय.

पाळकांशी बोलताना बहिणीचं वाक्य घेऊन जाऊ नका. "सहल" हा शब्द ऐकला की ते दुखावतील आणि बोलणं तिथंच थांबेल. बैठकीत सगळ्यांसमोरही नको. एकटं भेटा, लूकचा दहावा अध्याय उघडा आणि विचारा, "आपला उतारशाळावाला कोण?" त्यांनी नाव सांगितलं तर त्यांच्यासमोरच फोन लावायची विनंती करा. नाव सांगता आलं नाही तर तिकिटं काढायची थोडी थांबवू या, एवढंच म्हणा. शोमरोनी परत येईन म्हणाला होता, हेही त्यांना आठवून द्या. नऊ दिवसांच्या ऐवजी दोन वर्षांचं नातं, दर महिन्याला ठरलेलं दानार्पण आणि वर्षातून एकदा दोघातिघांची भेट, असा बेत त्यांना जास्त आवडेल असं मला वाटतं. पाळकांना लांब पल्ल्याचं काम कळतं. त्यांचं रोजचं काम तेच आहे.

तिथल्या माणसाशी बोलाल तेव्हा "आम्ही येऊ का?" असं विचारू नका. संकटातला माणूस पाहुण्याला नको म्हणत नाही. असं विचारा: "आम्ही आलोच नाही, आणि हे सगळे पैसे तुमच्या हाती आले, तर तुम्ही काय कराल?" मग गप्प राहा, त्यांना वेळ लागला तरी. जे सांगतील ते जसंच्या तसं कागदावर उतरवून घ्या आणि येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघाला वाचून दाखवा. काय उत्तर आलं ते मलाही कळवा. मी वाट बघते आहे.